यमूच्या पहिल्या आखाजीचे मांडे

फाल्गुन व. ११
ही वही स्वारींनी माझा ताप लिहायला शिवली. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने. बेचाळीस दिवस भरले, मग ताप गेला आणि पानं उरली. कोरी का घालवायची? आजपासून मी लिहिणार. रकान्यांत मावेल तेवढं.
म्हसावदला येऊन आठ दिवस झाले. तळोदा कधी सुटलं ते मला धड आठवतही नाही. स्वारींची बदली झाली, मला गादीसकट गाडीत घातलं. शुद्धीवर येऊन बघते तो आढं दुसरंच! बिऱ्हाड स्वारींनी, आमच्या या मास्तरांनी, एकट्यांनी बांधलं. मिठाच्या बरणीत खडू निघाले.

फा. व. १४
चुलीपर्यंत सतरा पावलं. तीन वेळा भिंत धरली. तापात उतरवलेले केस आता बोटाच्या पेराएवढे. पदर घसरला की स्वारी हसू दाबतात. दाबू देत.
स्वैपाकघरात सगळं सापडलं, खापर नाही. विचारलं तर म्हणे, "ते काळं उपडं मडकं? फुटकं समजून तिथंच ठेवलं." वीस वर्षं हा माणूस माझे मांडे खातो आहे आणि ते कशावर भाजतात हे त्याला ठाऊक नाही! रडू यायला हवं होतं. इतकं हसले की धाप लागली.

चैत्र शु. ३
यमूच्या सासऱ्यांचं शहाद्याहून कार्ड. 'विहीणबाईंची प्रकृती अद्याप नाजूक, सबब यंदा अक्षय्य तृतीयेस यमूस पाठवून त्यांस त्रास देत नाही.'
लग्नानंतरची पहिली आखाजी. पोरी माहेरी येणार, झोके बांधणार, आणि माझी यमू सासरी बसणार? माझ्या दुखण्यात तिला भेटू दिलं नाही, ताप लागेल म्हणून. चार महिने झाले तिचं तोंड पाहून.
दुपारभर जेवण गेलं नाही.

चैत्र शु. ४
उत्तर लिहिलं. स्वारींना दाखवलं नाही. 'मी ठणठणीत आहे. परवाच मांडे केले. यमूस अवश्य पाठवावे.'
परवा मी पेज प्याले.

चैत्र शु. ९
जिजींनी कुंभाराकडून नवं खापर आणून दिलं. जिजी म्हणजे आमच्या घरमालकीण, पाटलांच्या. रोज दारात येऊन विचारतात, "आज कितला पावलं चालनी वं?"
कणीक तिंबून पाहिली. बारीक गोळा, पुरणही नाही. हातांवर घेऊन ओढायला लागले तर मनगटं लटपटली आणि गोळा थेट चुलीत. जिजी म्हणाल्या, "चूलले बी आखाजी पाहिजे, माय."
हसलो दोघी. रात्री मात्र उशाशी हात घेऊन पडले. हेच ना ते हात, कोपरापर्यंत मांडा ओढणारे?

चैत्र शु. १४
पुन्हा कार्ड. 'मांडे केलेत हे वाचून आनंद जाहला. विहीणबाईंच्या हातचे दोन पाठवावे, घरच्यांना फार आठवण येते.'
झालं. आता काय करू?
जिजींना सगळं सांगून टाकलं. "त्यामा काय शे? मी करी देस. मांडा काय बोलस, कोना हातना शे ते?"

चैत्र व. १
जिजींनी केले. चांगले झाले. फडक्यात बांधून जिजींच्या यजमानांच्या, पाटील आबांच्या गाडीतून शहाद्याला गेले. स्वारींनी विचारलं, काय पाठवलंस? म्हटलं, पापड. खोट्याला खोटं जोडत चालले आहे, आणि हे मास्तरांचं घर!

चैत्र व. ३
आबा परतले. ओट्यावर बसून पाणी प्याले, मिशा पुसल्या, मग सावकाश सांगितलं. यमूच्या सासूबाईंनी मांडा उलगडला, दारातल्या उजेडापुढे धरला आणि म्हणाल्या, "हाऊ तिन्हा हातना नही." लग्नात त्या माझ्या चुलीपाशी बसून जेवल्या होत्या, माझ्या मांड्यातून पलीकडचा दिवा दिसायचा म्हणे.
मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आबा हसायलाच लागले. "पुढलं आयक. त्या बोलन्या, जी बाई आंडेरकरता इतली लबाडी करस, तिले आंडेर धाडनीच पडी. पन मांडा यमूकडथीन करी ले. तू बठी ऱ्हा."
आंडेर येणार! माझी लेक, यमू येणार!
स्वारींना सगळं कबूल केलं. ते म्हणाले, पापड फारच मोठे होते, तेव्हाच शंका आली.

चैत्र व. ४
आनंद ओसरला नाही, पण एक गोष्ट टोचते आहे. यमूला मांडा येतच नाही. कसा येईल? जवळ आली की मीच हाकलायची, "बाजूले सरक, फाटी जाई!" पंधरा वर्षं हेच. खापरापाशी माझ्याशिवाय कुणी नको, असा तोरा. आजारात मी गेले असते तर माझा मांडा माझ्याबरोबरच गेला असता.

चैत्र व. १२
रोज सकाळी पाण्याचा तांब्या हात लांब करून धरते. आज शंभर अंक मोजेपर्यंत. स्वारी शाळेतल्यासारखे मोठ्याने मोजतात आणि मध्येच एखादा गाळतात, माझ्या बाजूने.

वैशाख शु. १
यमू आली! गाडीतून उतरली, माझा पदर मागे सारला, डोकं पाहिलं आणि रडायच्या ऐवजी म्हणाली, "माय, तू तर पोऱ्या दिसस!" मग रडली. मीही. जिजीसुद्धा, कारण नसताना.

वैशाख शु. २
तालीम. माझे दोन फाटले, तिचे पाच. सगळे आम्हीच खाल्ले. स्वारी म्हणतात असे फाटके रोज करा.

वैशाख शु. ३, आखाजी
घागर पुजली. आमरस झाला, पुरण वाटून झालं. कणीक अशी तिंबली आहे की ओढली तरी तुटत नाही. खापर तापेपर्यंत एवढं लिहिते.
मी गोळा उचलायला गेले तर यमू मध्ये आली. "बाजूले सरक माय, फाटी जाई." माझेच शब्द, माझ्याच तोऱ्यात. जिजी तोंडाला पदर लावून हसताहेत.
मी सरकले नाही. तिच्या बांगड्या वर सारून दिल्या, माझ्याही सारल्या. आता चारही हात तयार आहेत आणि मांडा एकच.
खापर तापलं. यमू हाक मारते आहे.