सरूबाईने चाखलेली भिंत

मुलुंड पूर्व,
१० फेब्रुवारी १९८७

प्रिय सहदेव,

अनेक आशीर्वाद. आमच्या संस्थेचं टाईप केलेलं पत्र तुला चेंबूरच्या पत्त्यावर या आठवड्यात रजिस्टर पोस्टाने येईल. आपलं टेंडर स्वीकारता येत नाही, एवढंच त्यात लिहिलंय आणि खाली चिटणीस म्हणून माझी सही आहे. ते आधी तुझ्या हातात पडेल की हे, ठाऊक नाही. शनिवारी निर्णय झाला तेव्हा मी खोलीत होते. सख्खा भाऊ आहे म्हणून मी बाहेर जाऊन बसले असते तर कुणी मला नावं ठेवली नसती. पण मी बसले नाही. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून आधीच सांगते.

संस्थेने मरोळला घेतलेल्या जागेचं कौतुक माझ्याइतकंच तुलाही होतं. संपात गिरण्या बंद पडल्या आणि आम्ही बायका कांजूरमार्गच्या भाड्याच्या शेडमध्ये मसाला कुटायला बसलो, तेव्हा तू हसला होतास, "अक्का, मिरचीने शिंकून शिंकून मराल सगळ्या." आज आम्ही बेचाळीस जणी आहोत. खाली कांडप यंत्रं, वरच्या मजल्यावर पाकिटं भरायची खोली, रस्त्याच्या बाजूला भाड्याने द्यायला तीन दुकानं, असा नकाशा मंजूर झाला तेव्हा सगळ्यांत आधी मी तुलाच दाखवला. तू टेंडरचा लिफाफा स्वतः घेऊन आलास. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. वनमालाबाई आमच्या अध्यक्ष, तू त्यांना वाकून नमस्कार केलास. मग घरी आल्यावर मला म्हणालास, "चार वर्षं दुसऱ्यांच्या गळक्या गच्च्या दुरुस्त करतोय गं. ही एक इमारत उभी केली की मरोळमध्ये माझं नाव होईल." तुझ्यासाठी या कामाचा अर्थ काय होता, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

टेंडरं तीन आली. एक मरोळच्याच एका कंत्राटदाराचं, एक दादू मेस्त्रींचं, एक तुझं. आमचे इंजिनिअर विद्याधर पेडणेकर यांनी तिन्ही वाचून दाखवली, पण सिमेंट किती आणि सळई किती जाडीची, यातलं आम्हाला काय कळतंय? तेव्हा मीच सुचवलं की प्रत्येकाने तीन पावसाळ्यांपूर्वी बांधलेली एकेक इमारत जाऊन बघू. ही युक्ती तुझीच. आमच्या खोलीची मोरी तू स्वतःच्या हाताने बांधलीस तेव्हा मला शिकवलं होतंस, की घर जोखायचं असेल तर दिवाणखाना बघू नकोस, मोरीत तांब्याभर पाणी ओत आणि ते कुठे जातंय ते बघ. मी सगळ्यांना हे अभिमानाने सांगितलं, तुझं नाव घेऊन. वनमालाबाई म्हणाल्या, "भाऊ तुझा असेल गं सुलू, पण छत आमच्या डोक्यावर यायचंय. बघूनच घेऊ."

आम्ही तिघी निघालो: वनमालाबाई, मी आणि सरूबाई. सरूबाईला तू ओळखतोस. कांजूर गावातली कोळीण, सुक्या मासळीचा धंदा सोडून आमच्यात आली, तीच. मरोळच्या कंत्राटदाराच्या इमारतीत पाणी मोरीतून उलटं स्वयंपाकघरात आलं. जिच्या घरी ओतलं ती बाई म्हणाली, "आमी रोजच पुसतो, आज तुमी पुसा." दादू मेस्त्रींची इमारत बोरिवलीला आहे. दिसायला अगदी ओबडधोबड, जिना अंधारा, रंग कसला तो कळेना. पण पाणी बघता बघता निघून गेलं आणि प्रत्येक खिडकी एका बोटाने लागली.

तुझी घाटकोपरची इमारत मी शेवटी ठेवली होती. आवडता घास शेवटी ठेवावा तशी. सोळा बिऱ्हाडं, गोल कठड्यांच्या गॅलऱ्या, जिन्याला मोझॅक. वनमालाबाईसुद्धा वर बघून "झकास आहे गं" म्हणाल्या. तळमजल्यावरच्या मंजुळाबाईंनी आम्हाला आत घेतलं, मी तुझी बहीण म्हटल्यावर जबरदस्तीने चहा केला. मोरीत पाणी ओतलं, ते तू म्हणतोस तसं सरळ गेलं. मला मनातून हायसं वाटलं. मग सरूबाईने कपाटामागे मान घातली. भिंतीवर पांढरी भुकटी आली होती, खालपासून माझ्या छातीपर्यंत. मंजुळाबाई म्हणाल्या, "आठवड्याला झाडते हो. कंत्राटदार साहेबांना विचारलं होतं, ते म्हणाले नव्या भिंतीला घाम येतो, दोन वर्षांत जाईल." सरूबाईने भिंतीवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. जन्मभर मीठ लावून बोंबील आणि बांगडे वाळवलेली बाई ती. तिने बोट पदराला पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पटकन म्हणाले, "चुना असेल." मला कुणी काही विचारलंही नव्हतं, सहदेव.

निघताना मोरीच्या छताकडे माझी नजर गेली. एक तपकिरी रेघ होती, पट्टी ठेवून मारावी तशी सरळ, आणि तिच्या कडेने गिलावा फुगला होता. मी नजर काढून घेतली.

तिसऱ्या दिवशी सरूबाई मिरच्यांचे देठ खुडता खुडता म्हणाली, "तुजे तोंडाकरं बघून मी गप रायले. पन माझी जीब काय खोटं बोलत नाय. खारीची रेती हाय ती. आमचे दारासमोरून पडाव भरून न्यायचे, माला नाय कलायचं?" मी म्हटलं, वेळ द्या मला. ती म्हणाली, "घे. भिंत काय आजच पडत नाय."

मी एकटी परत गेले. माझी छत्री राहिली असेल, असं खोटं सांगून मंजुळाबाईंच्या घरात शिरले, आणि त्या दूध बघायला आत गेल्या तेवढ्यात कपाटामागे हात घातला. खारट होतं. मग पेडणेकरांना, कुणाचं घर ते न सांगता, खाडीच्या रेतीचं विचारलं. ते म्हणाले, मिठाने आतल्या सळया गंजतात, गंजल्या की फुगतात, फुगल्या की स्लॅब फोडतात. किती वर्षांत, ते सांगता येत नाही.

तेव्हापासून मला एक दुपार आठवते आहे. त्र्याऐंशीचा मे महिना. संप सुरूच होता, तुझे दाजी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. तू घाटकोपरहून तसाच उन्हातून आलास. ते तुझं स्वतःचं पहिलं काम. ताट वाढलं तर नुसता भात चिवडत बसलास. मग म्हणालास, "अक्का, खारट वस्तू तीन पाण्यांत धुतली तर खारटपणा जातो ना?" मी तांदूळ धूत होते. वर न बघता म्हणाले, "जातो की. सुकी मासळी आपण धुऊनच तर खातो." तू हसलास, जेवलास आणि गेलास. नदीची रेती मिळत नव्हती, मालक घाई करत होता, यातलं तू मला काही सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही, की इतका शिकलेला मेस्त्री माझ्यासारख्या बाईला हे कशाला विचारतोय. तुला उत्तर नको होतं. तुला कुणीतरी 'चालेल' म्हणायला हवं होतं, आणि ते मी म्हटलं. त्या मे महिन्यात घाटकोपरला प्यायला पाणी टँकरने येत होतं. रेती तीनदा धुवायला पाणी कुठून आणलं असशील तू? बहुतेक एकदाही धुतली नसशील.

तू लबाड नाहीस, हे मी जाणते. तू घाबरला होतास. पण घाबरून केलेल्या भिंतीतही मीठ तेवढंच असतं.

शनिवारच्या सभेत मी आधी पळवाट शोधली होती. तू मागितलेली मुदत आम्हाला सोयीची नाही, एवढं बोलून खाली बसायचं ठरवलं होतं. उभी राहिले आणि समोर एकेकीचे हात दिसले, तिखटाने लाल झालेले. या बायका वरच्या मजल्यावर बसणार, शेजारी मिरचीच्या पोत्यांची थप्पी, खाली यंत्रं दिवसभर जमीन हादरवणार. मी सगळं सांगून टाकलं. तुझी भिंत, माझं 'चुना असेल', सगळं. आमच्यात निम्म्या जणींना लिहिता येत नाही, म्हणून मतदान आम्ही सुपात मिरची टाकून करतो. तीन लिफाफ्यांपुढे तीन सुपं होती. तुझ्या सुपात एकही मिरची पडली नाही. माझीही नाही.

काम दादू मेस्त्रींना दिलं. रेतीचा प्रत्येक ट्रक सरूबाई चाखणार, अशी अट घातली तेव्हा ते म्हणाले, "चाखा बाई, पोटभर खा हवी तर." सगळ्या हसल्या, चहा आला, श्रीफळ कोण आणणार याची चर्चा सुरू झाली. मीही हसले. आणि हसताना माझ्या लक्षात आलं, की आम्ही बेचाळीस जणींनी आमचं छत वाचवलं आणि मंजुळाबाईंचं नाव एकीनेही काढलं नाही. त्यांच्या घरचा चहा पिऊन, त्यांच्या भिंतीचं मीठ चाखून आम्ही निघून आलो होतो.

टेंडरचं सांगायला टाईप केलेलं पत्र पुरेसं होतं. हे लिहितेय ते वेगळ्या कारणासाठी. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी पेडणेकरांना घेऊन घाटकोपरला जाणार आहे. सोळाही बिऱ्हाडांना खाली अंगणात बोलवायला मंजुळाबाईंना सांगितलंय, कशासाठी ते सांगितलेलं नाही. सळया अजून किती शाबूत आहेत, कुठे टेकू लावायचे, कोणती खोली आधी रिकामी करायची, हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, कारण कुठल्या स्लॅबला कुठली रेती गेली ते फक्त तुला माहीत आहे. यानंतर तुला काम मिळेल की नाही, पोलीस येतील का, तुझी रुक्मिणी मला दारात उभी करेल का, यातलं काहीही मला सांगता येत नाही. जे होईल त्यात मी तुझ्या बाजूला उभी असेन, एवढंच माझ्या हातात आहे. तू आलास तर बोलायचं तू, मी गप्प बसेन. नाही आलास तर मी बोलेन. ही इमारत कुणी बांधली त्याचं नाव घेईन, आणि मी त्याची थोरली बहीण आहे, हेही सांगेन.

रविवारी फाटकापाशी वाट बघणारी, तुझीच,
सुलक्षणाअक्का