ऑल्डरसेटचा कोंडवाडा

३० जुलै १९३४, सोमवार

सुट्टीचे तीन आठवडे कुठे घालवावेत, हा निर्णय यंदा प्रथमच मी एकटीने घेतला, आणि तो चुकला नाही असे आज संध्याकाळी समाधानाने लिहिता येते. आगगाडीने जिथवर आणले तिथून पुढची वाट मी शेताशेतांतून पायी तुडवली. उतारावरून ऑल्डरसेट दिसले तेव्हा मधाच्या रंगाच्या दगडी घरांवर ऊन पडले होते. चौकात जाड खांबांवर उभे असलेले बाजारगृह, त्यामागे चर्चचा बुटका मनोरा आणि मनोऱ्याभोवती पाकोळ्या. शाळेतल्या मुलींना हे सारे वर्णन करून सांगायचे, असे मी मनाशी ठरवून टाकले.

गावाच्या शिवेवर छातीएवढ्या उंच भिंतीचे एक गोल कुंपण लागले. भटक्या गुरांचा जुना कोंडवाडा. आत मऊ गवत होते आणि गुरे नव्हती, म्हणून मी पाव आणि चीज खायला तिथेच बसले. आत जाताना फाटक मागे लावून घेतले; उघडलेले फाटक लावल्यावाचून पाऊल पुढे टाकू नये, हे आमच्याकडे रानावनांतून फिरणाऱ्याला लहानपणीच शिकवलेले असते. काही वेळाने ओबेद थर्लो नावाचे एक वृद्ध गृहस्थ आले. लावलेले फाटक त्यांनी बराच वेळ न्याहाळले, डोक्यावरची टोपी काढली आणि विचारले, की पोरी, तू कुणाची? अनोळखी माणसापुढे माझी नेहमीच तारांबळ उडते. थट्टेवारी न्यायचे म्हणून मी कसेबसे म्हणाले, की कुणाचीच नाही. ते हसले नाहीत. त्यांनी स्वतः फाटक उघडले आणि मला मुक्कामाला खोली देणाऱ्या मिसेस ट्रँटर यांच्या दारी आणून सोडले. कोंडवाडा आणि गावातली दवंडी, दोन्ही त्यांच्याच घराण्याकडे आहेत म्हणे.

मिसेस ट्रँटर यांनी कोकराचे मांस, पुदिन्याची चटणी आणि आलुबुखाऱ्याचा केक असे भरगच्च वाढले. म्हणाल्या, की खा बाळे, अंगावर चार बोटे मांस चढले तर कुणाचे काय बिघडणार आहे?

१ ऑगस्ट, बुधवार

आज बाजार. मेंढ्या, बदके, लोण्याचे गोळे, वेताच्या टोपल्या आणि त्या सगळ्यांवर तरंगणारा ओल्या लोकरीचा वास. दुपारी थर्लो बाजारगृहाच्या पायरीवर चढले, हातातली घंटा वाजवली आणि दवंडी दिली: तपकिरी केसांची, बेताच्या उंचीची, उजव्या भुवईवर व्रण असलेली, उत्तरेच्या वाटेने आलेली, सोमवारी कोंडवाड्यात सापडलेली, ज्याची असेल त्याने येऊन न्यावी. व्रणाचा उल्लेख होईपर्यंत ही मी, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

सगळे हसले, मीही हसले. मटणवाला बन्यन ओरडला, की चष्मा लावलेली आणि दूध न देणारी, हिला न्यायला येतोय कोण! त्यावर अंडी विकणाऱ्या बाईने त्याला सुनावले, की तुझ्यासारख्याला बायको मिळाली, तर हिला धनी का मिळू नये? मिसेस ट्रँटर यांनी माझा दंड थोपटला. जुनी रीत आहे, तीन बाजार दवंडी फिरते, तू मनाला लावून घेऊ नकोस, असे त्या म्हणाल्या.

४ ऑगस्ट, शनिवार

नदीपलीकडच्या पडक्या मठाची चित्रे काढायला निघाले होते. पुलावर दोघे काठ्या घेऊन उभे होते. मी जवळ जाताच त्यांनी हात फैलावले आणि जिभेने टकटक आवाज केला; गाय वळवताना करतात, तोच. चहाच्या वेळेपर्यंत परत येईन, असे मी सांगितले. त्यांच्यापैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला, की ट्रँटरबाईकडची आहे, सुटलेली दिसते. मग दोघे पावलापावलाने पुढे सरकू लागले आणि मी मागे.

दक्षिणेच्या रस्त्यावर एका बाईने एप्रन फडकावून मला परत वळवले. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती.

८ ऑगस्ट, बुधवार

दुसरी दवंडी. या वेळी कुणीही हसले नाही.

माझ्याशी आता कुणी बोलत नाही, माझ्याविषयी बोलतात. मी शेजारी उभी असताना बन्यनने मिसेस ट्रँटर यांना विचारले, की खाते का नीट, लाथ तर मारत नाही ना? त्या म्हणाल्या, गरीब आहे हो, पण शनिवारपासून वैरणीला तोंड लावत नाही. त्याने अंगठ्याने माझा खांदा दाबून पाहिला, मग दंड. हात लावू नका, असे मी स्पष्ट शब्दांत म्हणाले. तो त्यांना म्हणाला, हिला ओरडायची खोड दिसते.

खाणावळीपाशी सायकलवरून आलेले एक परगावचे जोडपे भेटले. त्यांच्या हाती मी लेस्टरला, माझ्या थोरल्या बहिणीला, अ‍ॅग्नेसला, कार्ड पाठवले. हवा छान आहे, खाण्यापिण्याची चंगळ आहे, जमल्यास येत्या बुधवारी ये. कुणीही वाचू शकेल अशा कार्डावर भीतीबद्दल लिहिणे मला प्रशस्त वाटले नाही.

१० ऑगस्ट, शुक्रवार

माझे बूट खोलीतून नाहीसे झाले आहेत. गादीच्या जागी ताजा पेंढा आहे.

अनवाणी जाऊन थर्लोंना गाठले. ते कोंडवाड्याच्या भिंतीवरचे शेवाळ खरवडत होते. तिसऱ्या दवंडीनंतर काय, असे मी विचारले. त्यांनी उत्तर दिले, पण भिंतीला. धनी आला नाही तर जनावर गावाचे. गावाने ठेवावे नाहीतर विकावे. आणि धनी आला तर? तर त्याने भर बाजारात म्हणायचे, की ही माझी आहे. तेवढेच. नाते सांगून भागत नाही, रडून भागत नाही. जनावराने स्वतःच सांगितले तर, असे मी विचारले, तेव्हा म्हातारा प्रथमच हसला.

‘ही माझी आहे’ हे वाक्य मी अ‍ॅग्नेसला लिहिलेले नाही. मी तिला हवेबद्दल लिहिले.

१२ ऑगस्ट, रविवार

चर्चच्या दारातच मला अडवले. कुत्र्यांना बाहेर बांधतात तिथे —

पाद्रीबुवांना मी हाक मारली. त्यांनी वळून बन्यनला विचारले, की हिला पाणी पाजले का कुणी?

१४ ऑगस्ट, मंगळवार

मिसेस ट्रँटर यांना मी म्हणाले, की कृपा करून मला जाऊ द्या. सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले. त्यांनी खरोखर कान देऊन ऐकले. मग माझ्या मानेवरून हात फिरवला आणि शेजारणीला म्हणाल्या, की बिचारी सकाळपासून हंबरते आहे —

पेन्सिल लपवून ठेवली आहे. अक्षर अजून माझे आहे. वाचता येते आहे. येते आहे.

१५ ऑगस्ट, बुधवार

कोंडवाड्यात आणून ठेवले. सारा बाजार भिंतीभोवती. घंटा झाली.

अ‍ॅग्नेस आली आहे. तिची ती निळी टोपी. गर्दीला कोपराने बाजूला सारत पुढे — ती आली —

मी हाक मारली. तिने पाहिले, पण नावाने हाक मारल्यावर बघतात तसे नाही. शेजारच्या गोठ्यात काही ओरडले तर बघतात, तसे. मग तिला माझा चेहरा दिसला. ती रागाने पांढरी पडली. हा काय रानटीपणा, असे ती थर्लोंना विचारते आहे. तिचा एकेक शब्द मला समजतो. माझा तिला —

थर्लोंनी टोपी काढली. विचारत आहेत, ही कुणाची?

म्हण, अ‍ॅग्नेस. माझी आहे म्हण. बायकांच्या हक्कांसाठी तू तुरुंगात गेलीस, तुला हा शब्द आवडणार नाही, तरी आज एवढा एकदा —

तिने मान ताठ केली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, व्यासपीठावर बोलते तशी ती म्हणाली, की ही कुणाचीही नाही. ही स्वतःची मालकीण आहे.

भिंतीभोवती सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. ते तिला मागे नेत आहेत, अगदी अदबीने, दोन्ही दंडांना धरून. ती अजून बोलतेच आहे —

बन्यन आत आला. आणखी तिघे. एकाने माझी हनुवटी धरली आहे, दुसरा दात बघायला दोन बोटांनी माझा ओठ वर —