खेळण्यातली काळी-पिवळी

१४ ऑगस्ट २००७
बाबांनी आज पुन्हा रबरी बॉल फेकला. डाव्या हातात दाबायला दिला, तर उजव्या हातानं उचलून दारातून बाहेर. थेट आंगणातल्या त्यांच्या काळी-पिवळी जीपखाली. आई गुडघे धरून वाकली, शेवटी मीच काढला. म्हटलं, "दाबाचा नसन तर नका दाबू, फेकता कायले?" वैशाखात सालेकसाच्या स्टँडवर, गाडी उभी असताना लकवा मारला. तेव्हापासून हाव आणि नाही, एवढंच बोलणं. पाय सुधारला, अंगणात फिरतात. डावा हात मात्र तसाच लोंबतो.

मी शिकवते त्या क्लासमध्ये नवीन कॉम्प्युटर आले. सरांनी जुना मला घरी न्यायला दिला. पोरांचे पेपर घरी टाईप करता येतील म्हणे. म्हणजे क्लासमध्ये तेच, घरीही तेच. आई म्हणाली, "ठेवाचा कोठी?" बाबांच्या खाटेसमोर ठेवला. दुसरी जागा नाही.

२२ ऑगस्ट
पेपर टाईप करायला बसले, डोळे मिटून राहिले होते. कॉम्प्युटरमध्ये कोण्या पोरानं टाकलेला एक गेम सापडला. गाड्यांची शर्यत. पुढच्या कोण्या शतकातलं शहर, पण सारं खेळण्यांचं. टिनाच्या गाड्या, मागं चावी फिरते, रस्ता प्लास्टिकचा, आभाळातून गेलेला. बाजूला रोबोट बाहुल्या टाळ्या वाजवतात. गाडीवरून कंचे, म्हणजे गोट्या, मारायचे, रस्त्यावर डिंक सांडायचा, स्प्रिंगचा ठोसा मारून दुसऱ्याला खाली पाडायचं. मी खेळले. वळणावर गेलेच खाली.

मागून आवाज. जड, ओढल्यासारखा. "ब्रेक मार ना बाई. वळनावर असा चालवते का कोनी?"

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबले असते ते. पुन्हा खेळले. पुन्हा पडले. "तुले लायसन कोन देल्लं?" बाबा म्हणाले.

आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसली होती. हसत होती का रडत होती, विचारलं नाही.

२६ ऑगस्ट
बाबा खुर्चीवर बसले. उजव्या हातानं बाणांची बटणं. पहिल्यांदा गाडी उलटी गेली. मग सरळ. इतक्या वर्षांचा ड्रायव्हर, आमगाव-सालेकसा-दरेकसा रस्त्यावरचा एक खड्डा त्यांना विचारल्याशिवाय पडला नाही, आणि प्लास्टिकच्या रस्त्यावर घाम फुटला त्यांना. दुपारी वीज गेली तसे चिडले. "अर्ध्या घाटात लाईन गेली, गाडी उभी कोठी करू?"

मी झोपले तेवढ्यात. बऱ्याच दिवसांनी दुपारची झोप.

२ सप्टेंबर
गेममध्ये गॅरेज आहे. गाडीची चाकं, रंग, हत्यारं, सारं बदलता येतं. बाबांनी मला बसवून घेतलं. रंग काळा. टप पिवळा. वर कॅरियर पाहिजे म्हणे, ते नव्हतं. त्याऐवजी टपावर एक डबा बसवला, सालेकसाच्या बाजारादिवशी जीपवर पोती दिसतात तसा. मग म्हणाले, "हे सारं काढ." हत्यारं. कंचे, डिंक, ठोसा, सारं.

"बाबा, मंग जिंकसान कसे?"
"मले मारामारी नाही कराची. शीट न्याची हाये." शीट म्हणजे पॅसेंजर.

आईनं हे शेजारी सांगितलं. सगळे म्हणे, पाहा, आयुष्यभर सरळ माणूस, गेममध्येही कोणाला मारत नाही. मलाही तसंच वाटलं. जरा अभिमान वाटला, खोटं कशाला.

९ सप्टेंबर
रोज शेवटचा नंबर. बाकीच्या गाड्या कंचे मारतात, बाबा खाली पडतात, पुन्हा येतात. रागावत नाहीत. तोंड मात्र बारीक होत चाललंय.

राहुलचा नागपूरहून फोन. धाकटा भाऊ, कंपनीत आहे, त्याचं बोलणंही आता ऑफिससारखं झालंय. जीप विकायचं ठरवलंय. "ताई, उभी राहून सडून जाईल. दरेकसाचा एक जण मागतोय. बाबांना तू सांग."
मीच का सांगू? कारण इथं मी आहे. सगळ्याचं उत्तर तेच. औषधं मी, अंघोळ मी, टाईपिंग मी.
मावशीनं पुन्हा स्थळाचं काढलं. मी म्हटलं, बाबांना कोण...
जाऊ दे.

१८ सप्टेंबर
डोकं ठणकत होतं म्हणून क्लासमधून लवकर घरी. आई धान्य दळायला गेली होती. दार लोटलेलं. आत बाबा एकटे, कॉम्प्युटरसमोर. ऐकू आलं नाही त्यांना.

गाडीवर कंचे परत चढवलेले होते. कंचे मारायचं बटण डाव्या हाताकडं आहे, कोपऱ्यात. बाबांनी बाण सोडले, उजव्या हातानं डावा हात मांडीवरून उचलला, टेबलावर ठेवला, एक बोट धरून बटणावर नेलं. दाबलं. बोट घसरलं. परत उचललं, परत ठेवलं. तोवर त्यांची गाडी रस्त्याच्या मधोमध उभी. साऱ्या गाड्या बाजूनं निघून गेल्या. बाहुल्या टाळ्या वाजवून राहिल्या होत्या.

मी मागं सरकले. नळावर जाऊन तोंड धुतलं. बादली जोरात आपटली, ऐकू जावी म्हणून. आत गेले तेव्हा कॉम्प्युटर बंद, बाबा खाटेवर, भिंतीकडं तोंड.

मारामारी नाही कराची. आणि आम्ही साऱ्या गल्लीला कौतुक सांगत फिरलो.

१९ सप्टेंबर
बाबांच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसले. म्हटलं, "तुमी गाडी चालवा. कंचे मी मारतो." त्यांनी पाहिलं माझ्याकडं. समजले असतील. म्हणाले, "मी सांगीन तवाच मारजो."

"आता! ... थांब. ... आता!"

शेवटून दुसरे आलो. बाबा म्हणाले, "कंडक्टर कच्चा हाये."

२९ सप्टेंबर
क्लास, पेपर, स्वयंपाक, आणि संध्याकाळी पुन्हा कंचे. रोज जमत नाही मला. आज म्हटलं, "आई, तू बस." आई म्हणे, "मले काय येते वो बाप्पा?" एकच बटण दाबायचं आहे म्हणून बसवली. मी भाकरी टाकायला गेले.

आतून आवाज यायला लागले. बाबांचे नाही. आईचे.
"हान त्याले! हान! अजून येऊन राहिला मुडदा!"
बाबा: "म्या सांगतलं काय तुले माराले?"
आई: "तुमी सांगेपर्यंत तो पुढं जाते."

पहिला नंबर आला. भाकर करपली माझी.

आईला बाबांच्या शेजारी बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. खरंच. जीपमध्ये पुढची सीट पॅसेंजरची, आई कधीही बसली तर मागं, पोत्यांसोबत. हे तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "धंद्याची गाडी होती ना." आणि डिंक सांडायचं बटण कोणतं ते विचारलं.

१३ ऑक्टोबर
घरी आले तर दोघं आंगणात जीपमध्ये बसलेले. बंद जीपमध्ये. पुढं. आई म्हणाली, घरात गरम होते, इथं वारा लागते. बरं म्हटलं. धान कापणीला आलंय, बांधावरून वारा येतो खरा. चहा तिथंच नेऊन दिला. बाबा चार-चार वाक्यं बोलतात आता. मला मात्र कोणाशी बोलायचं त्राण नाही.

२८ ऑक्टोबर


क्लास चालू असताना समोरचा पानठेलेवाला आत आला. "मॅडम, तुमच्या बाबूजींची गाडी नहर वाल्या रोडपे देखी. चलाते हुए." मी म्हटलं दुसऱ्या कोणाची असेल. तो म्हणाला, बाजूला माँजी होत्या.

सायकल काढली. नहराच्या, कालव्याकाठच्या रस्त्यावर दोन्हीकडं कापलेलं धान, बाया भारे बांधून राहिलेल्या. त्यांनीच बोट दाखवलं, पुढं गेली म्हणून. गाडी दिसली. हळू. बैलगाडीसारखी हळू. बाबा उजव्या हातानं स्टेअरिंग धरून. आई वाकून, दोन्ही हातांनी गियरचा दांडा धरून.
"दुसरा!" बाबांचा आवाज.
खर्रर्र. गाडीला हिसका. गियर पडला.

मी सायकल आडवी घातली. काय काय बोलले आठवत नाही. आठवतं. पोट्ट्यांसारखे वागता, म्हटलं. कोणी आडवं आलं असतं तर, म्हटलं. त्या भारे बांधणाऱ्या बायांचं लेकरू बांधावर झोपलं आहे, पाहिलं का, म्हटलं. आई म्हणाली, "पाह्यलं. म्याच सांगतलं तेयले, हळू घ्या म्हनून." बंद जीपमध्ये बसून पंधरा-वीस दिवस शिकत होती. क्लच त्यांचा, गियर हिचा. आणि मी चहा नेऊन देत होते.

बाबांनी चावी काढून माझ्या हातात दिली. गाडी घरी कशी न्यायची ते कोणालाच सुचेना. शेवटी त्या दोघांनीच आणली. मी सायकलवर पुढं, येणाऱ्या-जाणाऱ्याला बाजूला करत.

३० ऑक्टोबर
राहुलचा फोन. त्याला कोणीतरी कळवलं. "तूच गेम लावून दिलास त्यांना. एखादा मेला असता म्हणजे?" बरोबर आहे त्याचं. तरी फोन आपटला मी. बरोबर बोलणारी माणसं सारी नागपुरातच राहतात.

कॉम्प्युटर कोणी लावत नाही. बाबा परत हाव आणि नाही.

११ नोव्हेंबर
दिवाळीच्या सुट्टीत राहुल आला. सोबत दरेकसाचा माणूस. बॉनेट उघडून पाहिलं, टायर पाहिले. चांगला माणूस वाटला. बाबांच्या पाया पडला, म्हणाला, "काकाजी, तुमच्याच गाडीतून मी शाळेत गेलो." बाबांनी त्याला सगळं नीट सांगितलं, पहाडीवर इंजिन कुठं गरम होते, सेल्फ-स्टार्ट कधी घेत नाही. लपवलं काहीच नाही. बुधवारी गाडी न्यायचं ठरलं. चावी तोवर माझ्याकडं.

राहुल जाताना म्हणाला, "बघ, ऐकलं की नाही त्यांनी?" हाव, ऐकलं. खूप दमले आहे मी, एवढंच त्याला सांगायचं होतं. नागपूरची गाडी आली, गेला.

१२ नोव्हेंबर
आई भांडी घासता घासता बोलली. माझ्याकडं पाठ. "गाडी इकाची तं इका. मी कायले नाही म्हनू? पन त्या दिवशी नहरावर तेयनं मले इचारलं, तुले कोठी जाचं हाये? लगन झाल्यापासून पयल्यांदा इचारलं."
"मंग तू काय म्हटलंस?"
"मले सुचलंच नाही. सरळ घ्या म्हटलं."

मी भांडी पुसत राहिले. त्या रस्त्यावर माणसं असतात, ढोरं असतात, लेकरं असतात. गेममध्ये खाली पडलं की गाडी परत वर येते. हे तिला सांगायची गरज नाही. तिला माहीत आहे, म्हणून तर मागत नाही.

१३ नोव्हेंबर
बाबांनी आज जीप धुतली. आई पाणी ओतत होती. आतली धूळसुद्धा पुसली. नव्या मालकाला स्वच्छ द्यावी म्हणून, म्हणाले.

संध्याकाळी आईनं विचारलं, "उद्या सकाळी तुले क्लास हाये ना?"
मी हाव म्हटलं.

उद्या क्लास नाही. माणूस दुपारी येणार आहे. नहराचा रस्ता सकाळी मोकळा असतो, धान उचलून झालं. चावी माझ्या पर्समध्ये आहे आणि पर्स रोजच्या खुंटीला. आई ती खुंटी पाहून राहिली, मग माझ्याकडं.

मी अजून पर्स तिथून काढलेली नाही.