सवारीची जोडी

उस्ताद, सकाळपासून गुडघे ठणकतायत, घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला मोडीखेरीज धड काही लिहिता येत नाही, तेव्हा हा कागद कुणाच्या कामाचा, देव जाणे. तरी लिहितो. अलीकडे फार थकवा येतो आणि थकलं की तुमची आठवण निघते.

परवा धाकट्या सुनेला रेंगी म्हणजे काय ते सांगावं लागलं. दोघं कसेबसे मावतील एवढी हलकी गाडी, माल वाहायची नाही, नुसती पळवायची. ती म्हणाली, मग तिचा उपयोग काय? आपल्या वेळीही अकोल्यात लोक हेच विचारायचे. सात रेंग्या, सात जोड्या आणि सात रिकामटेकडे, असं माझी आईच म्हणायची. पोळा झाला की बैलांची अंगं मोकळी करायला बाळापूरपर्यंत जायचं, वेचणी आटोपली की शंकरपटात बैलांच्या शर्यती बघायच्या, आणि ऐन थंडीत अकोट, अचलपूर करत बहिरमच्या जत्रेला. उन्हाळ्यात तुमच्या अंगणात सगळी चाकं उतरवलेली असत. तुम्ही रंधा मारता मारता आम्हाला शिव्या देत असायचात, आणि आम्ही आसांना एरंडेल चोळत बसायचो. वाटेत चुली वेगळ्या, पण भाजलेली वांगी सगळ्यांची एकाच आरात. सगळ्यांत हळू चालणारी जोडी पुढे ठेवायची आणि बाकीच्यांनी तिच्या चालीनं जायचं, म्हणजे कुणी मागे पडत नाही, हा कायदा तुमचाच.

दुसरा कायदाही तुमचाच होता. सवारीच्या जोडीवर माल लादला की तो माणूस मंडळीतून बाद. ओझ्याला जुंपलेला बैल मान खाली घालतो, पाय ओढायला लागतो, आणि एकदा मोडलेली चाल परत येत नाही. मी पहिल्या वर्षी पराणी टोचून जोडी पळवली होती, तेव्हा तुम्ही मला खाली उतरवून अकोटपर्यंत गाडीमागे चालवलं होतं. तळपायाला फोड आले. रात्री तुम्हीच तेल आणून दिलंत आणि वर पुन्हा बोललात.

माझी जोडी तुम्ही बहिरमला निवडलीत. बापानं घेतली, पण नजर तुमची. अख्खी दुपार त्या दोन पांढऱ्या गोऱ्ह्यांभोवती फिरत होतात. खांदे दाबून पाहिले, शेण पाहिलं, मग त्यांना ओल्या रेतीवरून चालवलंत आणि उकिडवे बसलात. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर बरोबर पडत होता. "हे पाय," म्हणालात, "याहून चांगली जोडी मले नाई घावली आजवर." साऱ्या वऱ्हाडातून माणसं तुमच्याकडे बैल निवडायला यायची. तुम्ही हो म्हटलं की कुणी दुसऱ्याला विचारत नसे.

मग ते कापसाचं वर्ष आलं. दूर कुठंतरी गोऱ्या लोकांची लढाई लागली आणि आपल्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचे दिवस आले. ज्याच्या दारी गाडी तो मोठा माणूस. एका व्यापाऱ्याचा दलाल सकाळी येऊन माझ्या ओट्यावर बसू लागला. मला पाटीलसाहेब म्हणायचा, माझी वाट बघत बसायचा. आजवर माझ्यासाठी कुणी दारात बसलं नव्हतं. आमची ओझ्याची जोडी आधीच बापानं गुंतवलेली. मी सवारीची जोडी मोठ्या गाडीला जुंपली आणि अमरावतीला गेलो. एकच खेप, असं ठरवलं होतं. तीन केल्या. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग लागलेली, आणि त्या रांगेत मी फार खूश होतो, उस्ताद. खोटं कशाला सांगू?

थंडीत आपण निघालो. पूर्णेच्या पात्रात तुम्ही सगळ्यांना थांबवलंत, माझ्या गाडीमागे गेलात आणि ओल्या वाळूत उकिडवे बसलात. मला कळलं तुम्ही काय बघताय. मागचा खूर पुढच्या ठशाच्या वीतभर मागे पडत होता. तुम्ही मला जवळ बोलावलंत, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलंत.

"वजन वाह्यलं का यायनं? खरं सांग मले."

"नाई, उस्ताद."

तुम्ही माझ्या तोंडाकडेही पाहिलं नाहीत. खुरांकडेच पाहत राहिलात. मग गुडघ्यावर हात टेकून उठलात. "मंग माहीच नजर चुकली," म्हणालात. "तुहा दोष नाई, बेटा. मीच खोटी जोडी देली तुले." आणि हळू चालणारी म्हणून माझी गाडी सगळ्यांच्या पुढे लावलीत. बहिरमपर्यंत माझ्या मोडक्या चालीनं सहा जोड्या मागून आल्या.

त्या जत्रेत मेळघाटाकडचा एक शेतकरी तुमच्याकडे आला. तुम्ही त्याला हात जोडलेत. म्हणालात, दुसऱ्या कोणाले पुसा, मले आता समजून नाई राह्यलं. मी शेजारी उभा होतो. त्यानंतर तुम्ही कधीच कुणाचा बैल पाहिला नाहीत. चाकं करत राहिलात, पण बैलबाजारात पाऊल टाकलं नाहीत. नऊ वर्षं. नऊ वर्षांत मी तुमच्या अंगणात किती वेळा आलो, तुमच्या दुखण्यात उशाशी बसलो. सांगायचं ठरवूनच निघायचो आणि एरंडेलाचा भाव बोलून परत यायचो.

भीती मंडळीतून बाद होण्याची होती, असं मी स्वतःला सांगत आलो. पण ती मंडळी कापसाचा भाव पडला तेव्हाच मोडली होती. रेंग्या विकल्या गेल्या, बाद व्हायला उरलं काय होतं? तुमची नजर चुकली नव्हती, उस्ताद. जोडी लाखात एक होती.

एवढं लिहून थांबणार होतो. पण तुम्ही बाजार सोडलात तेव्हा लोक बैल दाखवायला माझ्याकडे येऊ लागले. उस्तादांचा शागीर्द म्हणून. सकाळी माझ्या ओट्यावर बसायचे, माझी वाट बघत. ते मला आवडत होतं.