पॉइंट मरायच्या आत

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपार.
लेकीचा फोन. नऊ वर्षं कंपनीच्या कामानं गावोगाव फिरली आणि एकाच मालकाच्या हॉटेलांत झोपली. दर रात्रीचे पॉइंट मिळतात म्हणे, ते साठत गेले. आता तिला ऑफिसात खुर्ची मिळाली, फिरणं बंद. ३१ मार्चच्या आत त्या पॉइंटांवर कुठं बुकिंग केलं नाही तर सगळे मरणार. म्हणाली, "आई, मे महिन्यात आठ दिवस युरोप. तू आणि मी. हॉटेल तू निवड. हॉटेलातलं तुझ्याइतकं कुणाला कळतं?"
खरंच आहे. मी तीस वर्षं हॉटेलात काढली. आधी खोल्या लावायला, मग चादरी-टॉवेलांच्या कोठीवर. शाळा चौथीपर्यंत, पण चादर बघून सांगते मॅनेजर कसा आहे ते.
लेकीची सासू मागं बसलेली. तिथनंच ओरडली, "कुठलंही चालेल हो!" हिला कोणी विचारलं होतं? या बाईला सगळंच चालतं. मी तिचं नाव चालेलबाई ठेवलंय. मनात.
ठराव: १५ तारखेच्या आत हॉटेल पक्कं. खरं तर मला दोन दिवस पुरेत.

५ फेब्रुवारी. दुपारी, जेवणं झाल्यावर.
सुनेला लॅपटॉप घेऊन बसवलं. त्या मालकाची युरोपात चारशे हॉटेलं निघाली. सून म्हणाली, "आई, यातलं कसं निवडणार?" म्हटलं, निवडायचं नसतं, उडवायचं असतं.
तासाभरात साठ उडवली. भिंतीला काळी चादर लावल्यागत रंग दिलेली सगळी आधी. काळ्या खोलीत मळ दिसत नाही, म्हणून देतात.
एक नदीकाठचं होतं. खिडकीतून पाणी, बोटी. पाच रात्री घेतल्या तर पाचवीला पॉइंट लागत नाहीत, नाश्ता फुकट. सून खूश. मी पुढचा फोटो बघितला. पलंगावर टॉवेलाचा हंस करून ठेवलेला. उडवलं. टॉवेलाचे पक्षी करत बसणारी बाई न्हाणीघराचे कोपरे कधी पुसणार? सून म्हणाली, "किती गोड आहे तो." गोड हंस बघायला एवढ्या लांब कोण जातं!

६ फेब्रुवारी. सकाळ.
युरोपात चालावं लागतं म्हणे. ठराव: रोज इमारतीभोवती चार फेऱ्या. गुडघा उत्तम आहे.
दीड फेरी झाली. बाकावर ऊन चांगलं होतं, ते वाया घालवायचं नव्हतं.

११ फेब्रुवारी.
स्टेशनजवळचं एक. पॉइंट कमी, नाश्त्याला चाळीस प्रकार, खोलीतून थेट गाडीत. गालिचा नक्षीचा. नक्षी डाग लपवायला असते, हे मला कुणी शिकवायला नको. तरी अन्याय नको म्हणून सुनेकडून इंग्रजीत पत्र पाठवलं. दोनच प्रश्न. एका बाईच्या वाट्याला दिवसाला किती खोल्या? आणि गादी किती दिवसांनी उलटता? चौदाच्या वर खोल्या दिल्या की पलंगाखाली झाडू जात नाही. माझ्याकडे सोळा होत्या, मला माहीत आहे.

१३ फेब्रुवारी.
उत्तर आलं. "प्रिय पाहुण्या, आपल्या स्वागताला आम्ही आतुर आहोत." म्हणजे अठरा असणार. उडवलं.
फेऱ्या: शून्य. पाय दुखत नव्हता, कंटाळा आला होता.

१५ फेब्रुवारी, रविवार.
आजची तारीख ठरली होती, पण रविवारी कसलं पक्कं करायचं. २८ ला करू.
लेकीचा फोन. व्हिसावाल्यांना हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागतं म्हणाली, त्याशिवाय ते अर्जच घेत नाहीत. पासपोर्ट माझा तयार आहे. मुलगा परदेशी होता तेव्हा त्याच्याकडे जायला काढला होता. पासपोर्ट यायच्या आधी मुलगाच परत आला.
"तुझं येणं नक्की ना?" असं विचारत होती. म्हटलं, आधी गादी तर कळू दे.

२० फेब्रुवारी. संध्याकाळी चार.
सापडलं. चारशेत एक!
जुना किल्ला होता, त्याचं हॉटेल केलंय. भिंती पांढऱ्या, चादर पांढरी, कोपरा पाकिटासारखा दुमडलेला. पडद्याची खालची शिवण सरळ. न्हाणीघरात दाराच्या मागचा फोटोसुद्धा दिलाय. ज्याला लपवायचंय तो दारामागचा फोटो देत नाही. सुनेनं खालची ओळ वाचली, "लिफ्ट नाही, तीस पायऱ्या." म्हटलं, मी पाच मजले चढून टॉवेल पोचवलेत.
सुनेचं बोट बटणावर. मी हात धरला. पहिल्या भावाला घ्यायचं नसतं. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी भाजी निम्म्यानं मिळते. आमच्या हॉटेलातही तेच. खोल्या रिकाम्या राहिल्या की मॅनेजर संध्याकाळी दारात उभा, येईल त्याला अर्ध्या भावात किल्ली. रिकामी खोली म्हणजे नासकी भाजी. ३१ तारीख जवळ येऊ दे, किल्लेवाला स्वतः खाली येईल.
लेकीला फोनवर सांगितलं. म्हणाली, "आई, दाब ना बटण." या पिढीला धीर नाही.

२४ फेब्रुवारी.
किल्ला वर गेला. एका रात्रीला पस्तीस हजार पॉइंट होते, बेचाळीस झाले. हे असंच करतात. आधी घाबरवायचं, मग सोडायचं.

१ मार्च.
पन्नास. सून म्हणाली, "आई, लोक घेत सुटलेत तसा भाव चढतोय." लोकांना काय कळतं? म्हणाली, "आई, ते भाजीवाले नाहीत." म्हटलं, जगात सगळे भाजीवालेच असतात, काही जण टाय लावतात. उठून गेली. लॅपटॉपही घेऊन गेली.
ठराव: सुनेला टोचून बोलायचं नाही. निदान लॅपटॉप चालू असेपर्यंत.

८ मार्च, रविवार.
लेक आली होती. आल्या आल्या खुर्चीत झोपली, तोंड उघडं. चाळिशीची बाई, गुडघ्यावर पर्स तशीच. उठवून आत पाठवलं. दोन तासांनी उठली, चादरीची घडी केली, कोपरे जुळवून. मी शिकवलेलं नाही. बघून शिकली असेल.
चहा घेताना म्हणाली, "आई, नऊ वर्षं मी कुठं कुठं झोपले ते मला आठवतही नाही. सगळ्या खोल्या सारख्याच. मला हॉटेल कसलंही चालेल. फक्त आठ दिवस कुणी उठवू नये आणि तू शेजारी असावीस. येणार आहेस ना तू?"
हे "कसलंही चालेल" सासूकडून आलंय. संगत.
मी तिला किल्ल्याचं गणित समजावलं. २५ तारखेपर्यंत खाली येतोच. ती ऐकत होती. कपातला चहा गार झाला, तरी ऐकत होती. जाताना माझ्या गुडघ्याकडे बघून म्हणाली, "पट्टा का बांधलाय?" थंडीला, असं सांगितलं. थंडी नव्हती, पण वारा होता.

१७ मार्च. सकाळ.
किल्ला संपला. पॉइंटावर एकही खोली नाही. पैसे दिले तर आहेत म्हणे.
बरंच झालं. तीस पायऱ्या आणि लिफ्ट नाही, हे काय हॉटेल आहे? म्हाताऱ्या माणसांचा काही विचार? मला नाही, इतरांना त्रास झाला असता.
सुनेची न बोलण्याची पण एक तऱ्हा असते, भांडी जरा जोरात ठेवते.

१९ मार्च.
नव्यानं सुरुवात. जवळजवळ तीनशे चाळीस उरली आहेत. दिवसाला तीस म्हणजे वेळेत होतं.

२० मार्च.
दोन बघितली. एकाला खिडकी नाही, एकाला नुसती खिडकीच. डोळे दुखले.

२३ मार्च, सोमवार.
लेकीचा फोन. आवाज बसलेला. म्हणाली, "आई, नदीचं अजून आहे, तेवढ्याच पॉइंटांत. तेच घेऊया. येशील ना तू?" मी शांतपणे सांगितलं. शांतपणेच, सून साक्षीला आहे. एक तर हंस. दुसरं, एका पाहुण्यानं लिहिलंय की टबात केस सापडला. तिसरं, नदीची ओल, गाद्या दमट होणार. चौथं, बाहेर दगडी रस्ता आहे, दगडावर पाऊल नीट पडत नाही. "कुणाचं पाऊल?" तिनं विचारलं. म्हटलं, कुणाचंही. पाचवं सांगत होते तर म्हणाली, "बरं."
नुसतं बरं. पटलं असावं.

२६ मार्च. दुपार.
चालेलबाईचा फोन. कधी करत नाही. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "विहीणबाई, तुम्हाला हॉटेलांची माहिती. तिकडे न्हाणीघरात बादली असते का हो?" नसते, एक डबा बॅगेत टाकायचा. "आणि बूट?" म्हटलं, दगडी रस्ते असतात, तळ जाड हवा. "नाश्ता फुकट असला तर किती घ्यायचा?" म्हटलं, लाजायचं नाही, पण पिशवीत भरायचं नाही, नोकरमाणसांना दिसतं. चांगला अर्धा तास बोलले. म्हातारपणी बाईला ज्ञानाची आवड लागली, चांगलं आहे. सगळं लिहून घेत होती. पेन बंद पडलं तेव्हा "थांबा हं" म्हणून दुसरं आणलं.
अशा चौकस माणसाला उगाच नावं ठेवली. यापुढे नाही ठेवणार.

२९ मार्च, रविवार.
विचार केला. दोन दिवस राहिले. माणसानं कुठंतरी थांबावं. नदीचं घ्यायचं. हंस दिसला की मीच उलगडीन. दगडावर लेकीचा हात धरीन. तिला बरं वाटेल, मला गरज नाही.
उद्या बटण. लेकीला आज सांगणार नाही, उद्या एकदम सांगू.

३० मार्च, सोमवार. सकाळी दहा.
आंघोळ करून, नवा चष्मा लावून बसले. सुनेला म्हटलं, आण लॅपटॉप, नदी घे. सून उभीच. म्हणाली, "आई, ते झालं."
काय झालं?
"ताईंनी तुमचा फोन ठेवला त्याच दिवशी घेतलं. व्हिसाला पण जाऊन आल्या." व्हिसाला माझी सही लागत नाही का, असं मी विचारलं. सून गॅस बंद आहे का बघायला आत गेली. गॅस मघापासून बंदच होता.

त्याच दिवशी. दुपार.
लेकीला फोन केला. लपवलं नाही तिनं. सासूला घेऊन जातेय. म्हणाली, "मी तुला तीनदा विचारलं आई, येणार का म्हणून. तिन्ही वेळा तू मला हॉटेलचं उत्तर दिलंस. मला वाटलं, तुला यायचं नाही आणि सांगवत नाहीये. त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या, चालेल."
पॉइंट दोघींपुरतेच होते. मी म्हटलं, छान केलंस, मला कुठं वेळ आहे. चार वेळा म्हटलं. तीनदा पुरलं असतं.

३१ मार्च.
पॉइंट मेले नाहीत. माझ्यामुळेच. मी एवढं चाळलं नसतं तर नदीचं सापडलं असतं का?
फेऱ्या: एक. पूर्ण.

१४ मे, गुरुवार. सकाळ.
काल पोचल्या. फोटो आला. मी मोठा करून बघितला. चादर ताणलेली, कोपरा दुमडलेला, पडद्याची शिवण सरळ, नळ चकचकीत. अर्धा तास बघत होते. काही सापडलं नाही. आजकाल फोटोत काहीही करता येतं.
मग लेकीचा फोन. आवाज मोकळा होता, लहानपणी असायचा तसा. म्हणाली, "आई, मी अकरा तास झोपले." मी नाश्त्याचं विचारलं, टबातल्या केसाचं विचारलं, गालिच्याचं विचारलं. सगळं नीट आहे म्हणाली. मग म्हणाली, "तुला अजून काही विचारायचंय का?" म्हटलं, नाही, फोनचं बिल येईल. बिल येत नाही आजकाल, मला माहीत आहे.
विचारायचं होतं. असले पलंग वर्षानुवर्षं लावले. रोज सोळा. कधी टेकलेसुद्धा नाही. बसलेलं दिसलं तर त्या दिवसाचा पगार जाई. वरून हात फिरवून सुरकुती काढायची आणि दार ओढायचं. आत पडल्यावर कसं वाटतं ते मला माहीतच नाही. गादी किती खाली जाते, उशी मानेला कशी लागते, सकाळी त्यातून उठवत नाही का.
लेकीला विचारून उपयोग नाही. ती नऊ वर्षं झोपली, तिला काहीच आठवत नाही. नवखं माणूस हवं, पहिल्यांदाच पडलेलं. तसं एकच आहे.
चालेलबाईला फोन करायला मी अजून तेवढी म्हातारी झालेली नाही.

त्याच दिवशी. दुपारी तीन.
केला. उचलला नाही. झोपली असेल.