नऊ नंबरच्या ठाणाची हजेरी

ता. ६ मार्च १९३१, शुक्र.
आगीला पाच दिवस झाले. वलवणची आमची अख्खी आळी आता लोणावळ्यात, शेटजींच्या बंगल्यामागच्या रिकाम्या तबेल्यात. एका घराला घोड्याचं एक ठाण, मध्ये तरटाचा पडदा. आई व मी चार नंबरला. शेटजींच्या कारभाऱ्यांनी नियम सांगितले, मी भिंतीवर चुन्याने लिहिले. 'लागोपाठ' हा शब्द दोनदा पुसून लिहिला.
नि. १ : ठाणाला कोणी आपले घर म्हणू नये.
नि. २ : सकाळी सातला अंगणात हजेरी. लागोपाठ तीन चुकल्यास ठाण दुसऱ्यास.
अक्षर बरं म्हणून हजेरीबुकही माझ्याकडे. नऊ नंबर आला नाही. 'गै.', म्हणजे गैरहजर, मांडला.

ता. ७, शनि.
पुन्हा नऊ नंबर नाही. पुन्हा 'गै.' मांडला. तिथं आमिनामावशी, एकट्याच. शिवणयंत्र काढायला जळत्या घरात शिरलेले त्यांचे यजमान, चाचा, बाहेर आलेच नाहीत. देवळाच्या ओसरीवर दोन कुटुंबं ठाणासाठी थांबलेली आहेत. उद्या तिसरा दिवस.
पडद्याबाहेरून विचारलं, "मावशी, बरं न्हाई का?"
"बरी हाय. इद्दतीत हाय रं. चार म्हैने धा दिस इधवेनं घराभायेर पाऊल टाकायचं न्हाई."
"पण घर तर..."
"जळलं. मंग आता माजं घर कुटलं, त्ये तू सांग. शिकल्याला हाईस."
माझी शाळा चौथीत सुटली. हे कोणत्याच इयत्तेत नव्हतं.
संध्याकाळी मशिदीच्या पायरीशी उभा राहून मौलवींना विचारलं. म्हणाले, "जिथं आसरा मिळाला तेच तिचं घर. मुदत संपेपर्यंत."
"आणि अंगण? ते घरात धरायचं का?"
"अंगण कुणाचं, त्यावर आहे."
अंगण शेटजींचं. रस्त्याला लागून. तिथं मावशी कशा येणार?

ता. ८, रवि.
सातला सगळे अंगणात. नऊ नंबर पुकारला. तबेल्यातून आवाज आला, "हाय रं, हितंच हाय!"
माझी लेखणी अडली. दहा नंबरचे धोंडूआबा म्हणाले, "आरं, घोड्यांची मोजदाद ठाणावरच व्हायची. त्यास्नी कोन अंगणात बोलवत हुतं?"
पडद्याआडून मावशी, "आबा, मला घोडी म्हन्ता व्हय?"
सगळे हसले. मावशीही. आगीनंतर पहिल्यांदाच.
पण नियमात अंगण आहे. 'ह.' लिहावं तर खोटं, 'गै.' लिहावं तर तेही खोटं. कारभारी बारा वाजता बुक बघणार.
आई म्हणाली, "लिव की 'ह', कोन बगतंय?"
मी बघतोय ना.
शेवटी रकान्यात लिहिलं : 'घरात आहेत.'
शाई वाळेपर्यंत मान वर केली तर समोर भिंतीवर नि. १ : घर म्हणू नये. माझंच अक्षर, हातभर मोठं.
खोडलं नाही. फाटक वाजलं, कारभारी आले. बुक घेऊन जातो.