अर्ध्या कानाचा ससा

चि. धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझ्या कोंबड्या आणि तुझे यजमान (याच क्रमाने विचारते) बरे आहेत ना? मी इतकी खुशीत आहे की अक्षर नेहमीपेक्षाही वाकडं येतंय, सांभाळून घे.

साबणाच्या कंपनीतून मला बोलावणं आलं होतं. आमच्या ह्यांनी तिथे रंगारी म्हणून जन्म काढला, साबणाच्या खोक्यांवरचा तो ससाही त्यांनीच पत्र्यात कापला, हे तुला ठाऊक आहे, पण मला सांगायला आवडतं. पत्र्याचा तो छापा खोक्यावर धरायचा, वरून ब्रश फिरवायचा, की ससा हजर. मग एकदा छापा धुवायला घरी आणला होता, तेव्हा त्याचा वरचा कोपरा दुमडला, एक कान अर्धाच उमटू लागला आणि ह्यांच्या ध्यानात येईपर्यंत चारशे खोकी गावोगाव गेली. नोकरी जाणार म्हणून हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र तिन्ही दिवसांचं जेवले, कारण लोक दुकानात अर्ध्या कानाच्या सशाचाच साबण मागू लागले होते.

आता कंपनीला साठ वर्षं झाली, म्हणून एक चित्रकार मुलगी लोगोचा इतिहास लिहितेय. तिनं पडद्यावर ससा दाखवून सांगितलं, अर्धा कान म्हणजे नम्रता. मला हसू आवरेना. खुर्ची फिरती होती म्हणून बरं, भिंतीकडे वळून हसले (सगळ्यांना वाटलं, आजी गहिवरल्या). मग मोठे साहेब म्हणाले, नव्या वेष्टनावर दोन्ही कान सरळ करायचेत. तिथे माझं हसू पळालं. अगं, ह्यांच्या हातचं जगात तेवढंच उरलंय. मी म्हटलं, "साहेब, सरळ कानांचे ससे रानात ढिगानं आहेत. आपला ओळखायचा कसा?" साहेब म्हणाले, "आजी, मूळ छापा आणून दाखवा. कान राहील, छापा काचेच्या पेटीत ठेवू." मी छातीठोकपणे हो म्हणून आले.

तुझी,
थोरली

ता. क. : तो छापा तू खुराड्याला हवेसाठी ठोकलायस. काढून लगेच पाठव. पण तुझ्या यजमानांच्या हाती हातोडी देऊ नकोस, त्यांना दिसेल ते सरळ करायची खोड आहे. कोपरा सरळ झाला की सगळं मुसळ केरात.

आणखी ता. क. : छाप्याशेजारी कान दुमडणाऱ्याचा फोटो लावणार आहेत. तू छाप्यावर बसलीस असं घरात साठ वर्षं म्हणतात आणि तूही बिचारी मान खाली घालत आलीस. खरं तर डब्याचं घट्ट झाकण मीच त्या कोपऱ्यानं उचकटलं होतं. सांगायचं राहून गेलं. फोटो माझा काढून झालाय.